मुठीच्या मापाची टोपी

शेजारचे काका तेहतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले होते. घरी बसले होते म्हणायचं, पण बूड टेकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. एका दुपारी ते माझ्या शिवणाच्या खोलीत शिरले. "बाई, मला टोपी शिवायला शिकवा. आत्ता."

माझ्या डोक्यावर पाच गिऱ्हाइकांचं काम होतं. "दुकानात ढिगानं मिळतात," मी फटकारलं.

"एवढी छोटी मिळत नाही."

मग एका दमात त्यांनी सगळं सांगितलं. लेकीला सहाव्या महिन्यातच मुलगी झाली होती. बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं, जगेल की नाही कोणी सांगत नव्हतं. आत फक्त आईबापाला सोडत, काका बाहेरच्या बाकावर. "त्या बाकावर मी वेडा होईन हो. नर्स म्हणाली, मऊ सुती टोपी चालेल. हातांना काहीतरी काम द्या."

मी धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीचा तुकडा काढला. शिवण वळणावर आली की काका पायडलवरून पाय उचलून शेजारचा ब्रेक दाबायला जायचे. तिथे माझा चिंध्यांचा डबा होता. तो दोनदा लवंडला. वर दर चार टाक्यांनी उठायचं, फोन बघायचा, खिडकीशी जायचं, परत यायचं.

"सुई बोटात घुसेल, काका! एका जागी बसा की!"

"बसलोय ना," ते उभ्यानेच म्हणाले.

संध्याकाळी टोपी झाली. ती हातात घेतली आणि मला हसू आवरेना. "माप कुठलं घेतलंत?"

"डॉक्टरीणबाईंनी मूठ दाखवली. म्हणाल्या, डोकं एवढंच आहे. मग मूठ मोजली."

"कोणाची?"

काकांनी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. स्टिअरिंग फिरवून थोराड झालेली ती मूठ. मग ते माझ्या हातातल्या टोपीकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझ्या हसण्याची लाज वाटली. बाळ किती लहान आहे ते त्यांना बहुतेक तेव्हाच कळलं. मी माझी मूठ पुढे केली. "ही मोजा. दुसरी शिवू."

दुसरी टोपी घेऊन ते गेले ते गेलेच. पहिलीत मी खडू ठेवले. आठवडे उलटले, घराला कुलूप. फोन करून विचारायचं तरी काय? दारात पाऊल वाजलं की माझा टाका चुकायचा. एका गिऱ्हाइकाची बाही मी उलटी जोडली आणि वर त्यालाच बोलले.

दीड महिन्यानं काका दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे लाल. माझा पाय पायडलवरून निघाला. विचारायचा धीर होईना.

"ती पहिली टोपी फेकलीत का हो?"

"का?"

"दुसरी आता कपाळावर रुतते."

मी खडू मशीनवरच ओतले. "मळलीये. थांबा, धुऊन देते."

टोपी खिडकीत वाळत घातली. ती वाळेपर्यंत काका स्टुलावर बसून होते. एकदाही उठले नाहीत.