टायरात गवत भरलं त्या दिवशी

तीस वर्षं दर रविवारी मी अन् माझा दोस्त औरादहून बिदरपर्यंत सायकली हाणायचो. वाटेत बिघाड झाला की दुरुस्ती दोस्त करायचा, अन् औरादला आल्यावर ती मीच कशी केली ते मी चावडीभर सांगायचो. दोस्त नुसता हसायचा.

गेल्या वर्षी तो आजारी पडला. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा लेकीनं त्याला बिदरजवळ मैलूरला आपल्या घरी नेलं. एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मोटारीनं येऊ नको. सायकलवर ये. बघू तरी एकट्याला जमायलंय का."

"उद्या तुझा चहा निवायच्या आत दारात हजर!"

दुसऱ्या दिवशी वाटेतला जनवाडा कोसभर राहिला अन् मागचं चाक असं फुटलं, की बिदरच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली असतील. ट्यूब वीतभर फाटली होती, तिला ठिगळ काय लागणार? जादा ट्यूब कायम दोस्ताच्या पिशवीत असायची. मग त्याला करताना पाहिलं होतं तसं बांधावरचं वाळलं गवत उपटलं अन् टायरात कोंबायला लागलो. तो पाव तासात उरकायचा. मला दोन तास लागले.

मधेच तुरीची पोती भरलेला एक टेम्पो थांबला.

"अप्पा, काय करायलाव? टाका सायकल वर, जायचं तिथं सोडतो."

"न्हाई. सायकलवर येतो म्हणून सांगितलंय."

"मग दाराजवळ उतरा अन् बसा की सायकलवर! कोण बघायलंय?"

जन्मभर मी हेच करत आलो. नेमकं त्याच दिवशी मला खरेपणाचं भूत लागलं. टेम्पो गेला.

गवताचं चाक गचके खात मैलूरला पोचलं तेव्हा दुपार कलली होती. दारात चपला फार होत्या. दोस्ताची लेक बाहेर आली, डोळे सुजलेले.

"काका, आताच, अर्ध्या तासाखाली गेले."

मी सायकल भिंतीला टेकवली.

"सकाळपासून म्हणायले होते, त्याला फोन कर, मोटारीनं ये म्हणावं, सायकल राहू दे. किती लावला. उचललाच न्हाई तुम्ही."

"रेंज नव्हती, बाई," मी म्हणालो.

फोन खिशात चारदा वाजला होता. हात ग्रीसनं काळे झालते, म्हणून मी घेतला नव्हता.