फोटो माझा, ओळ डेस्कची

आमच्या लाइनीत किस्से कोणी जमवत नाही, ते अंगावर येऊन पडतात. पेपरात छापलेली चूक दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, पण ज्याच्याबद्दल छापली त्याच्या घरी ती वर्षानुवर्षं मुक्कामाला असते!

माझा पांढुर्ण्यात, मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखात, फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, पासपोर्ट, वाढदिवस, आणि त्यातून वेळ काढून पेपरचे फोटो. एक हिंदी पेपर, एक मराठी. बातमी लिहितात सौंसरचे वानखेडे सर. रिटायर्ड मास्तर, दोन्ही भाषांत हात चालतो. फोटोखाली काय लिहायचं ते मात्र दूर शहरात हिंदी डेस्कवर बसलेले मिश्राजी ठरवतात. त्यांनी पांढुर्ण्यात कधी पाय ठेवलेला नाही. म्हणजे फोटो मी काढलेला, पण त्याचा अर्थ काय, ते मला गावासोबतच कळतं. सकाळी पेपर येईपर्यंत मी दारात येरझाऱ्या घालतो. बायको म्हणते, "दहावीचा निकाल लागून राहिला का तुमचा?"

रोजच लागतो!

*

एक सरपंच होते. गावाचं नाव घेत नाही, तिथून मला अजून लग्नाच्या ऑर्डरी येतात. नळयोजनेसाठी त्यांनी खरोखर खेटे घातले होते. कोरड्या नळापाशी उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतला. कॅमेरा दिसला की हसायची सवय, म्हणून हसले.

सरांना त्या दिवशी ताप. त्यांनी एकच बातमी हिंदीत लिहिली आणि दोन्ही पेपरांना पाठवली. "सरपंच ने गाँव में पानी लाने की बहुत चेष्टा की." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठी डेस्कवर कोणी नवीन होतं, त्यानं क्रियापदं तेवढी बदलली. सकाळी छापून आलं, "सरपंचांनी गावात पाणी आणण्याची खूप चेष्टा केली." आणि वर माझा फोटो. कोरडा नळ आणि दात काढून हसणारे सरपंच!

सरपंचांचा फोन आला. "सर, म्या कोणाची चेष्टा केली?"

सर अंगात ताप असतानाच स्कूटरवर बसले, मागे मी. पंचायतीच्या ओट्यावर सर सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागायला लागले. बाजूला रिकामे गुंड-घागरी घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या बाया. त्यातल्या एका म्हातारीनं पेपर हातात घेतला, फोटो पाहिला, नातवाकडून ओळ वाचून घेतली आणि म्हणाली, "माफी काहून मागून राहिले गुरुजी? पेपरवाल्यानं पहिल्यांदा बराबर लिहिलं!"

*

बोरगावकडे गारपीट झाली. संत्र्याचा आंबिया बहार झडून गेला. मी पोचलो तोवर बागेच्या मालकानं अंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घातला होता. पेपरात फोटो येणार ना!

मिश्राजींनी आधीच फोनवर बजावलं होतं, "किसान दुखी दिखना चाहिए. सिर पर हाथ." मी चाचरत म्हटलं, "काका, जरा डोक्याला हात लावून बसता का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "डोक्स नाही दुखून राहिलं माहं. झाडाचा फोटो काढ. नुकसान त्याचं झालं."

मला लाजच वाटली. मी झाडांचे फोटो काढले. गारांनी सोललेल्या फांद्या, खाली हिरव्या गोळ्यांसारखी फळं. चांगले निघाले होते. मिश्राजींना त्यात दुःख दिसलं नाही. त्यांनी संग्रहातला फोटो लावला. भेगा पडलेली जमीन आणि डोक्याला हात लावून बसलेला कुठलासा माणूस.

सकाळी सातला काकांचा फोन. रागावले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"भाऊ, हे गारा पडून जमीन फाटली ते गाव कोणतं?"

*

संग्रहातल्या फोटोवरून आठवलं. कधीतरी बँकेसमोरच्या लाइनीचा फोटो मी पाठवला होता. लाइनीत वानखेडे सर उभे. ऊन डोळ्यांवर, म्हणून तोंड वाकडं, कपाळावर हात. मिश्राजींनी सरांना कधी पाहिलेलं नव्हतं. फोनवरचा आवाज तेवढा ओळखीचा. त्यांनी त्या लाइनीतून नेमके सर कापून काढले आणि खाली लिहिलं, "लाचार बुजुर्ग."

तेव्हापासून ज्येष्ठ नागरिकांबद्दल काहीही बातमी आली की हाच फोटो. पेन्शन उशिरा आली, सर. दवाखान्यात डॉक्टर नाही, सर. मुलं म्हाताऱ्या आईबापांना विचारत नाहीत, तरी सर! त्या दिवशी तर त्यांची नागपूरची मुलगी दुपारच्या बसनं रडत आली. "बाबा, मी रोज फोन करतो ना तुम्हाला?"

गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या बातम्या सरांनीच लिहिलेल्या!

शेवटी सरांनी मिश्राजींना फोन लावला आणि सांगितलं, वो फोटो मेरा है. मग मिश्राजी हळूच म्हणाले, "सर, आपने बताया नहीं, आप इतनी तकलीफ में हैं?"

*

हा किस्सा सांगताना मला हसू येत नाही. मोहगावची एक मुलगी बारावीत पहिली आली. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाणारी. मी दोघींचा फोटो काढला, आईचा हात पोरीच्या खांद्यावर. क्लिक झालं तेव्हा आईचे डोळे मिटले. मी दुसरा काढायला हवा होता. पण मला सौंसरला एका उद्घाटनाला पोचायचं होतं. मी म्हटलं, चालतंय.

डोळे मिटलेले म्हणून मिश्राजींनी आईला कापून टाकलं. मोहगावहून बस पकडून मुलगी पेपर घेऊन स्टुडिओत आली, मागे आई.

"काका, माही आई कुठी गेली? खांद्यावर हा कोणाचा हात हाय म्हणून सगळे विचारून राहिले."

खरंच, फोटोत चार बोटं तेवढी उरली होती. मी डेस्कचं नाव सांगितलं, जागेचं कारण सांगितलं. मिटलेल्या डोळ्यांचं काही सांगितलं नाही. उद्घाटनाचं तर नाहीच. आईनं पेपर मुलीच्या हातातून घेतला, त्या चार बोटांवरून आपलं बोट फिरवलं आणि म्हणाली, "राहू दे ना बाई. हात तं आला!"

मी दोघींना पुन्हा उभं केलं. सात फोटो काढले. आईचे डोळे सातही फोटोंत उघडे होते, पण दोघींपैकी एकही हसली नाही.

*

आता चंदूचं सांगतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार, दोन गावांचा दगडफेकीचा जुना खेळ. बंदी कागदावर, खेळ दरवर्षी. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड, झाडावर झेंडा. अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. चंदू सावरगावचा, बायको पांढुर्ण्याची. एका शाळेची व्हॅन चालवतो. त्या दिवशी मी एक फोटो काढला. पात्राच्या मधोमध चंदू, हात वर, मूठ वळलेली, तोंड उघडं. त्याच्या पायाशी एक जण डोकं धरून पडलेला.

मिश्राजींनी खालचा भाग कापला. राहिला फक्त चंदू. ओळ होती, "पत्थर बरसाता युवक."

कोणीतरी ते कात्रण ठाण्यात नेऊन दिलं. चंदूला बयान द्यायला बोलावलं. शाळेतल्या पालकांनी सांगितलं, दगड मारणाऱ्या माणसाच्या गाडीत आम्ही लेकरं बसवणार नाही. व्हॅन बंद. चौथ्या दिवशी चंदू बायकोला घेऊन स्टुडिओत आला. मला वाटलं, आता मार बसतो. त्यानं फक्त विचारलं, "मोठा करून पाहता येते का?"

मी कॉम्प्युटरवर पूर्ण फोटो उघडला आणि मुठीवर नेऊन थांबवला. मुठीत दगड नव्हताच. गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक होतं. खाली पडलेला त्याचा साळा होता, पांढुर्ण्याकडून खेळणारा. चंदू दुपट्टा हलवून दोन्ही काठांना थांबा म्हणून ओरडत होता.

मी त्याच दिवशी पूर्ण फोटोच्या प्रती काढल्या. एक घेऊन ठाण्यात गेलो, एक घेऊन शाळेत, आणि प्रत्येक ठिकाणी दुपट्ट्यावर बोट ठेवून दाखवलं. मिश्राजींशी भांडलो, आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून. आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला. पालकांनी पुन्हा लेकरं पाठवली. आठवड्यात व्हॅन सुरू झाली. साळ्याच्या डोक्याचे टाके निघाले. सावरगावची पोरं मात्र अजून ते पहिलं कात्रणच एकमेकांना दाखवत होती, आपला गडी म्हणून.

दिवाळीच्या आधी चंदू पुन्हा आला, सोबत बायको. घराला रंग दिला होता, समोरच्या खोलीत लावायला फोटो पाहिजे होता. मी मनापासून खूश झालो. म्हटलं हा माझ्याकडून भेट. पूर्ण फोटोची मोठी प्रिंट काढली, रंग नीट केले, काचेची फ्रेम केली आणि काउंटरवर ठेवली. साळा, दुपट्टा, दोन्ही काठ, सगळं स्वच्छ दिसत होतं.

चंदूनं फ्रेम हातात घेतली. बायकोकडे एकदा पाहिलं, ती रस्त्याकडे पाहत होती.

मग त्यानं फ्रेम हळूच माझ्याकडे सरकवली.

"हा नाही, भाऊ. पेपरातला द्या."