भागीरथाबाईचा चौथा पाट

भागीरथाबाईला नवरा होता, पण तो म्हणायलाच. मूल गावच्या बाजारातून बैलजोडी घेऊन येतो म्हणून घरून निघाला, त्याला अकरा वर्षे झाली. बैल आले नाहीत, तोही आला नाही. बाईने कुंकू पुसले नाही आणि रडतही बसली नाही. "आला तं आला," म्हणत ती माहेरी पिंपळझोऱ्याला परतली आणि लटारू, मुखरू, सोमाजी या तीन धाकट्या भावांवर राज्य करू लागली. मूलबाळ मात्र झाले नव्हते. तो विषय कोणी काढला की ती तिथून उठून जाई.

१९५४च्या भादव्यात एका शेठने गावाबाहेर लाकूड चिरायची आरागिरणी घालायला काढली. यंत्र जर्मनीहून आले आणि ते जोडायला तिकडचाच एक सव्वीस वर्षांचा फिटर आला. नाव एरिक. गावाने पहिल्याच दिवशी त्याचा इरिक केला. शेठने त्याला नाक्याजवळची कौलारू खोली दिली, स्वयंपाकाला भागीरथाबाई दिली, दिवाळीपर्यंत पाते फिरले पाहिजे असे बजावले आणि स्वतः नागपूर गाठले.

एरिकला परक्या मुलखात घर मांडायचे होते. घर कसे मांडतात हे बाईला पक्के ठाऊक होते, त्यामुळे त्याला काही विचारायची गरज तिला वाटली नाही. त्याची खाट तिने खिडकीखालून हलवली, कारण तिथे पाली पडत. बूट घालण्याआधी ते आपटायला शिकवले. पहिल्याच आपटण्यात विंचू निघाला आणि त्या दिवशी एरिक अनवाणीच कामावर गेला. भात तो चमच्याने खाई, म्हणून तिसऱ्या दिवशी तिने चमचा लपवला. आठवड्याभरात गडी बोटांनी वरण-भात कालवून "आखीन वाढ" म्हणू लागला. भाषाही तो तिचीच शिकला. शेठ येऊन त्याच्याशी शुद्ध हिंदीत बोलला, तेव्हा हा निळे डोळे रोखून म्हणाला, "मले समजून नाई राह्यलं." 

एरिकची आई तिकडे जर्मनीत होती. तिचे पार्सल आले. आत जाड लोकरीचे पायमोजे, आणि बाहेर आश्विनाचे ऊन पाठ भाजत होते. बाईने मोजे उलटसुलट करून पाहिले. "लेकरू कुठी गेलं, येवढं तरी इचारावं त्या बाईनं," ती म्हणाली. त्या दुसऱ्या आईविषयी तिचे मत तेव्हा जे बिघडले ते बिघडलेच.

मग एरिकला हिवताप आला. चार दिवस बाई त्याच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. विहिरीवर शेजारच्या बुधरीने सगळ्यांसमोर विचारलेच, "बाई, तो गोरा तुहा कोण लागते वो?" नवरा परागंदा, आणि ही परक्या जवान माणसाच्या खोलीत दिवसभर. उत्तर देणे भागच होते. बाईने घागर कमरेवर घेतली आणि ठणकावून म्हणाली, "माहा पोरगा होय. मानला मी त्याले." म्हटले आणि तिचे तिलाच इतके बरे वाटले, की खोलीवर पोहोचेपर्यंत अर्धी घागर सांडली होती.

"मले माय म्हण," तिने एरिकला सांगितले.

"माय."

"आखीन एकदा."

आपला उच्चार चुकला असावा असे वाटून त्या बिचाऱ्याने पाच वेळा म्हटले.

इथपर्यंत सगळे ठीक होते. पण बाईचा पोरगा म्हणजे लटारू, मुखरू, सोमाजीचा भाचा. आणि त्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. भाच्याला काम सांगणे दूरच, त्याने उचललेले ओझे त्याच्या हातात राहू देणे हेसुद्धा पाप. आरागिरणीवर मदतनीस म्हणून नेमके हेच तीन मामा होते.

ताप उतरल्यावर एरिक कामावर गेला, तर तिघे रांगेने त्याच्यापुढे वाकले. काहीतरी हरवले असावे म्हणून तोही शोधायला वाकला आणि लटारूचे डोके त्याच्या कपाळावर आपटले. त्याने पाना उचलला, तो मुखरूने काढून घेतला. हातोडा उचलला, तो सोमाजीने "अरे देवा" म्हणत हिसकावला. शेवटी तिघांनी त्याला मोहाच्या झाडाखाली खाटेवर नेऊन बसवले आणि हातात पाण्याचा तांब्या दिला. पाते कसे बसवायचे हे फक्त त्याला ठाऊक, आणि हात लावायची बंदी फक्त त्यालाच. त्याने खाटेवरून खुणा करायच्या आणि मामांनी जोडायचे, असाही प्रयोग झाला. त्यात पाते उलटे बसले. असे बारा दिवस गेले. शेवटी शेठची चिठ्ठी आली, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी येतो, पाते फिरले नसेल तर या माणसाला परत पाठवतो.

दुपारी बाई डबा घेऊन गिरणीवर गेली तेव्हा एरिक हत्यारांची पेटी भरत होता.

"माय, मी जाऊन राह्यलो," तो म्हणाला. "मले काम येते. पण इथी कोणी करू देत नाई. माहे पाय धरते."

"दोन रोज थांब," म्हणत बाईने डबा तिथेच ठेवला आणि तरातरा घरी, जेवायला बसलेल्या भावांपुढे आली. "काऊन रे, पोराले काम करू देत नाई तुमी?"

"भाच्याच्या हातून काम घेऊ?" लटारू हादरलाच. "नरकात जाऊ ना बाई!"

"आन् मशीन बंद राह्यली तं?"

"राहू दे."

"नातं तं तूच लावलं," मुखरू हळूच म्हणाला.

 ते खरेच होते.

दोन दिवस ती नाती चाळत बसली. जावई करावा तर तो भाच्याहून भारी, खाटेवरून उठवायचीच सोय नाही. व्याही करावा तर त्याला रोज कोंबडे लागणार. ज्याला राबवता येते, शिव्या देता येतात, वेळेला दोन ठेवून देता येतात, असे नाते एकच होते, आणि त्याचे तीन नमुने तिच्या घरात होते. खरे तर ते तिला पहिल्या घटकेलाच सुचले होते. तिला ते नको होते, म्हणून ती बाकीची शोधत होती.

भाऊबिजेला तिने चार पाट मांडले. तिघा भावांना ओवाळून झाल्यावर चौथ्या पाटावर एरिकला बसवले. कुंकू लावताना तिचे बोट त्याच्या कपाळावर जरा जास्तच वेळ राहिले.

"आजपासून हा माहा भाऊ," ती भावांना म्हणाली. मग त्याला म्हणाली, "माय नाई म्हणाचं आता. बाई म्हण, हे तिघे म्हणते तसं."

एरिकला पुरते कळले नाही. पण तिचा चेहरा पाहून त्याने विचारले नाही. "बाई," तो म्हणाला. या वेळी तिने पुन्हा म्हणायला लावले नाही. भावांनी ताटात ओवाळणी टाकलेली त्याने पाहिली होती. तो धावत खोलीवर गेला आणि आईने विणलेले लोकरीचे मोजे आणून ताटात ठेवले.

म्हणजे हा आता भाचा राहिला नाही, हे लटारूच्या ध्यानात आले. मग इतके दिवस तुंबलेले सगळे एकदम बाहेर आले. "ए इरक्या! बसला काऊन बैलावानी? आमी पातं उलटं बसवून राह्यलो आन् तू खाटेवर लोळून राह्यला! उठ!"

शिव्या खाऊन इतका खूश झालेला माणूस पिंपळझोऱ्याने त्याआधी पाहिला नव्हता. चौघे भरल्या पोटी गिरणीकडे पळाले. दुसऱ्या दिवशी शेठची जीप नाक्यावर आली तेव्हा सागाचा ओंडका चिरल्याची किंकाळी तिथपर्यंत ऐकू येत होती.

एरिक पुढे दोन वर्षे राहिला. भावांनी त्याला भावासारखे, म्हणजे गाढवासारखे राबवले. गावासमोर तो तिला न चुकता बाई म्हणे.

पहिल्याच वर्षी पौषात थंडी कडक पडली. बाई मोजे घालून त्याच्या चुलीशी बसली होती. त्या दुसऱ्या आईची वीण चांगली आहे, हे तिने मनात कबूल केले होते. इतक्यात एरिक अंगठा धरून आत आला. पान्याखाली चेचला होता.

"माय," तो म्हणाला, "लागलं."

बाईने दारातून बाहेर पाहिले. तिन्ही भाऊ गिरणीवर होते.

"ओ," ती म्हणाली. "इकडे ये. कुठी लागलं?"