पोस्टानं पाठवलेलं मत

आइंडहोवन या डच शहरातल्या ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलाशी एक अमेरिकन गृहस्थ बसायचे. वयानं माझ्या वडिलांएवढे. समोरच्याचं बोलणं संपलं तरी ते क्षणभर थांबायचे, त्याचं काही सांगायचं राहिलं असेल म्हणून. मगच बोलायचे, तेही खालच्या आवाजात.

२००४ साली त्यांच्या देशात अध्यक्षपदाची निवडणूक होती. एका संध्याकाळी सायकली हातात धरून आम्ही घरी चाललो होतो. वाटेत पोस्टाच्या पेटीत त्यांनी मतपत्रिकेचं पाकीट टाकलं आणि आपणहून म्हणाले, "गेल्या वेळी मी आत्ताच्या अध्यक्षांनाच मत दिलं होतं. या वेळी नाही दिलं. बहिणीचा मुलगा युद्धावर गेलाय. तो तिथं कशासाठी आहे, असं ती मला विचारते. मला उत्तर देता येत नाही."

अध्यक्ष पुन्हा तेच निवडून आले. निकालानंतर कॅन्टीनमध्ये एक डच सहकारी सगळ्यांदेखत त्यांना म्हणाला, "तुम्ही लोकांनी पुन्हा त्यालाच कसं निवडलंत?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. एका वाक्यात त्यांची सुटका झाली असती. त्यांनी हातातला पाव ताटलीत ठेवला.

"हो, आम्हीच निवडलं," ते म्हणाले.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

"खरंच सांगितलं," ते म्हणाले. "भाचा युद्धावर गेला तो माझ्या पहिल्या मतामुळे. दुसरं मत दाखवून ते पहिलं कसं झाकू?"