कूट कशात हाय?

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो आणि ताटात नेमकी दाण्याची चटणी होती. तो असता तर म्हणाला असता, "तुला दुसरं सुचतच न्हाई का रे?"

परतूरच्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा, मी मराठी. ऐंशीच्या दशकात एका लग्नात त्याच्या लहानग्या उषानं कूट घातलेली भाजी खाल्ली आणि पंगतीतच तिचं तोंड सुजलं, श्वास अडकला. दवाखाना जवळ म्हणून पोरगी वाचली. दाण्यानं असं का होतं, हे शहरातल्या डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात दोघं-तिघं त्यावर संशोधन करू पाहत होते, पण साधनांवाचून अडले होते. तेव्हापासून दत्ता त्यांच्यासाठी निधी मागत फिरू लागला. मोंढ्यातले धान्याचे आडते म्हणायचे, "मास्तर, देवळाला मागा, बिलकुल देतो. दाण्यानं कुठं माणूस मरतंय व्हय?" हा हसून पुढच्या दुकानात.

मग मी मदतीला धावलो... म्हणजे काय होणार ते आलंच. त्या संशोधकांतल्या एका डॉक्टरीणबाईंना बोलावून शाळेत सभा ठेवली, भाषण लिहून पाठ केलं आणि फराळही हौसेनं अंगावर घेतला. एकादशी होती. माझ्या डोक्यात फक्त उपवास. ताटल्यांतून फिरले गूळदाण्याचे लाडू! उषानं एक उचलला मात्र... दत्तानं व्यासपीठावरून उडी मारून तिचा हात असा झटकला की लाडू थेट बाईंच्या मांडीत. दत्ता पोरीची बोटं एकेक करून आपल्या सदऱ्याला पुसत होता.

देवळाला मागा म्हणणारे आडतेच आधी उठून पुढं आले. माझं भाषण खिशातच राहिलं. घरी जाताना दत्ता म्हणाला, "माध्या, दरसाल फराळ तूच आण. निधी बराबर जमतो."

निधी खरंच दरसाल जात राहिला. त्या महाविद्यालयात आमच्याकडच्या कितीतरी लेकरांच्या तपासण्या झाल्या. आणि कुठल्याही पंगतीत, पहिल्या घासाआधी, दत्ता उभा राहून विचारायचाच, "कूट कशाकशात हाय?" आमचा गणपत आचारी वैतागायचा. "मास्तर, जेवायला आलात का तपासणीला?"

तेराव्याला पानं वाढून झाली. उषा शेजारीच होती, दोन लेकरांची आई आता. विचारायला कुणी उठलं नाही. उषाचा हात पानावर तसाच थांबलेला... माझाही घास उचलेना. तेवढ्यात गणपत खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत मधोमध येऊन उभा राहिला.

"थांबा जरा. कूट फक्त कोशिंबिरीत हाय. बाकी बिनघोर जेवा."

मग उषानं पोळी मोडली.