खात्यात शिकलेला आवाज

मला आजही कुणी "हळू बोल गं" म्हटलं की डोकं फिरतं. हळू बोलायला शिकवलं होतं कुणी? सुरतेजवळ भेस्तानला आमच्या खोलीला लागूनच लूमचं खातं होतं, यंत्रमागांचा कारखाना, सारखी खडखड. वडील मागावर, माय आणि मी बॉबिन भरायला. शेजारणीकडे चिमूटभर मीठ मागायचं तरी ओरडावं लागायचं. खानदेशातून आलेली आमची सगळी माणसं अशीच. बसमध्ये सुखदुःखाच्या गोष्टी करत असलो तरी लोकांना वाटायचं, भांडण जुंपलंय.

गाणी मी तिथंच जुळवायला लागले. मागाचा धोटा इकडून तिकडे आपटायचा, त्या ठोक्यावर शब्द बसवायचे आणि पलीकडच्या रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल असं गायचं. एक गाणं सगळ्यांच्या तोंडी होतं. सुरतेला दिलेली पोर गावाकडच्या आईला निरोप धाडते : "माय वं, मी सुखी शे." सुखी कसली डोंबलाची! मी ते रागानं, जवळजवळ भांडल्यासारखं म्हणायचे आणि बायका हसून हसून बेजार व्हायच्या.

नव्वदीची मधली वर्षं, टीव्हीवर पॉपवाल्यांची चलती. शेजारच्या उधन्यात अहिराणी कॅसेटी विकणाऱ्या एका गुजराती शेठनं मला एका हळदीत ऐकलं आणि म्हणाला, तुझीच गाणी, तुझाच आवाज, अहिराणी पॉप काढू. अगं बाई! मला तर वेड लागायचं बाकी राहिलं. माझा आवाज धुळ्याच्या स्टँडवर वाजणार! मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

रेकॉर्डिंगची खोली लहान होती, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. दार लावलं आणि सगळं गप्प झालं. इतकं गप्प मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला माझाच श्वास ऐकू यायला लागला आणि भीती वाटली. कानावर हेडफोन, त्यात कीबोर्डचा ताल टिकटिकत होता. मी तोंड उघडलं तसा काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला दचकून उठला. म्हणाला, बेन, मागे सरका. सरकले. अजून मागे. पाठ दाराला टेकली, तरी माझा आवाज फाटतच होता. हळू गा म्हणाला. हळू गायले तर सूरच सापडेना. आणि ताल? मी आपली धोट्याच्या ठोक्याची वाट बघतेय आणि कीबोर्ड पुढं निघून गेलेला. मी चुटकी वाजवून बघितली, पाय आपटून बघितला. तो म्हणाला, हा आवाज रेकॉर्ड होतो, बंद करा. खात्यात दिवसभर न चुकता गाणारी मी, तिथं एक ओळ धड म्हणू शकले नाही. घाम, रडू, सगळं एकदम.

शेठ वाईट माणूस नव्हता, म्हणून तर शिव्याही देता येईनात. म्हणाला, "बेन, गीत तमारुं एकदम सरस. पण अवाज बीजो जोईशे." आवाज दुसरा लागेल. गाणी गेली नाहीत ना, मग रडायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

गरब्याच्या ऑर्केस्ट्रात गाणारी एक मुलगी त्यानं आणली. तिला अहिराणी येत नव्हती. मग शिकवायला कोण? मीच! ओळ ओळ तिच्याकडून घोटून घेतली. गळा खरंच गोड होता तिचा. पण "सुखी शे" म्हणताना ती इतकी अलवार व्हायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, पोर खरंच सुखी आहे. मी म्हटलं, अगं, राग आण, राग. ती हसली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, असंच चांगलं लागतंय. तसंच राहिलं.

कॅसेट धो धो चालली. रिक्षात, पानाच्या गाद्यांवर, लग्नाच्या मांडवात. मायनं एकदाच ऐकली. "हाऊ तुना आवाज नही," म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

पुढच्या लगीनसराईत गल्लीतल्या एका हळदीत बायकांनी मला ओढून मधे बसवलं. म्हटलं, बघा आता. मी ते गाणं उचललं, पूर्वीसारखंच, खणखणीत. शेजारच्या घरी शिरपूरकडची नवी सून आली होती. तिनं लाजत माझ्या हाताला हात लावला.

"ताई, असं नाही ते. आमच्या गावात कॅसेट आहे ना. 'सुखी शे' एकदम हळू म्हणायचं, म्हणजे रडू येतं."

मी इकडंतिकडं बघितलं. खात्यातल्या माझ्याच बायका बसल्या होत्या. आता कुणीतरी बोलेल, हे गाणं हिचंच आहे म्हणून. पण एकदोघी तर सुनेच्या बोलण्याला माना डोलावत होत्या.

मी ओळ पुन्हा म्हटली. हळू, कॅसेटमधली ती मुलगी म्हणायची तशी.

"हां," नवी सून खुशीत म्हणाली, "आता जमलं बघा तुम्हाला."