गुरुजींनी शब्द मागे घेतला

चारोटी नाक्यावर उधव्याला जाणाऱ्या जीपची वाट बघत होते, तेव्हा फोन आला. वसंत गुरुजी गेले. महिना होऊन गेला, पण लिहायला बसले की रडू येत नाही, रागच येतो. कारण शोकसभेत शाळेचे एक पदाधिकारी म्हणाले, "गुरुजी देवमाणूस, पण पोरांना नको तेवढं बोलायला शिकवलं." अहो, तेच तर त्यांनी शिकवलं!

मी सहावीत होते. डहाणूहून नवेच आलेले गुरुजी बिया दाखवायला काकड्या घेऊन आले आणि धडा झाल्यावर फोडी वाटल्या. एकानेही तोंडात घातली नाही. आमच्या पाड्यावर नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय कोणी खात नाही. गुरुजी भडकले. "शाळा शिकून हेच डोक्यात? अंधश्रद्धा नुसती!" मी उठले. म्हटलं, "गुरुजी, का खात नाही ते तुम्ही विचारलंच नाही."

त्याच संध्याकाळी ते आमच्या अंगणात हजर. माझा आजा कलेक्टरलाही 'तू'च म्हणायचा. "गुरजी, तुला समजून घ्यायचंय का आमचा नेम मोडायचाय, ते पहिलं सांग." मग म्हणाला, सगळं कोवळंच तोडून खाल्लं तर बियाण्याला काय ठेवणार? गुरुजींनी ऐकून घेतलं आणि तरी विचारलं, "पण आजारी पोराला काकडी दिली तर देव कोपेल?" आजा चिडला. दोघेही आपापल्या जागी ठाम... दुसऱ्या दिवशी मात्र गुरुजी वर्गात म्हणाले, "नेम मला अजून सगळा पटलेला नाही. पण न विचारता निकाल दिला, ती माझी चूक. कालचा शब्द मागे घेतो." शिक्षक चुकतो, आणि तोंडाने कबूलही करतो! आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. तेव्हापासून शनिवारचा शेवटचा तास प्रश्नांचा झाला.

आज त्याच शाळेत मी शिकवते. शोकसभेनंतर पदाधिकाऱ्यांचा हुकूम आला, तो तास बंद करा, सराव परीक्षा घ्या. मी म्हटलं, लेखी द्या. अजून कोणी दिलेलं नाही. दिलं तरी तास होणार, काय करायचं ते करा.

परवाच्या शनिवारी मी गुरुजींविषयीच बोलत होते. मागच्या बाकावरची सुनंदा उठली. "बाई, गुरुजींचं सगळंच बरोबर, असं तुम्ही का धरून चालता?" माझे कान तापले. माणूस जाऊन किती दिवस झाले, अन् ही... 'खाली बस' अगदी ओठांवर आलं होतं. खुर्ची ओढून मीच बसले आणि म्हटलं, "सांग. कुठे चुकले ते?" ती सांगू लागली. मध्येच शाळा सुटल्याची घंटा झाली. एकही पोर जागचं हललं नाही.